आधी पाहुणे व्हा, मग सेवक

(उन्हाळी सेवेसाठी सातपुड्यात निघालेल्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तासगाव येथे झालेल्या निरोपाच्या प्रार्थनासभेतील भाषण)



पाळकसाहेबांनी मला ‘सेवकाची आत्मिक घडण’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे. बेदाण्याच्या शेडवरचे काम अर्धे टाकून आलेल्या भगिनीही इथे बसल्या आहेत. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मीही ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे. तिथे जे शिकले त्याचे मोल मला आजही वाटते. पण वसतिगृहात सगळे ठरलेले असते. घंटा होते, आपण प्रार्थनेला जातो. पुन्हा घंटा होते, आपण शास्त्रपाठाला बसतो. उपदेश कसा तयार करावा, मुद्दे कसे मांडावेत, हे शिक्षक सांगतात. आता तुम्ही जाणार त्या पाड्यावर घंटा नाही. सकाळी तुम्ही प्रार्थना केली की नाही, हे विचारायला कोणी येणार नाही. वर्षभरात आपल्यात काय मुरले आहे, ते अशाच ठिकाणी आपल्याला कळते.

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आज रात्री पुन्हा वाचा. प्रभूने सत्तर जणांना दोघादोघांनी पाठवले. त्याने दिलेल्या सूचनांमधला किती भाग घराविषयी आणि जेवणाविषयी आहे, ते मोजून पाहा. थैली नेऊ नका, एकाच घरी राहा, पुढे वाढतील ते खा. ज्याच्याजवळ थैली नाही त्याला यजमानावर अवलंबून राहावे लागते. प्रभूने शिष्यांना आधी पाहुणे केले. आपण बहुधा उलटे करतो. जीपमधून घोंगड्या आणि औषधे नेतो, वाटतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी परततो. घोंगडी लागतेच, तिला माझा विरोध नाही. पण त्यात आपण कायम देणारे आणि ते कायम हात पसरणारे होतात. तुम्हाला आम्ही या वेळी रिकाम्या हातांनी पाठवत आहोत, ते याच कारणासाठी. ज्या घरी राहाल तिथली ज्वारीची किंवा मक्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी खा, पाणी भरायला त्यांच्याबरोबर जा.

दुसरी गोष्ट भाषेची. तिथे घरात मराठी बोलत नाहीत. भिली बोलतात, पावरी बोलतात. विल्यम कॅरी बंगालमध्ये राहिले, तरी 1805 साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि 1811 साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. हे काम त्यांना एकट्याने जमले नसते. वैजनाथ पंडितांकडून ते आपली भाषा शिकत होते. पंडिता रमाबाई तर संस्कृतच्या विदुषी. पण खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करत राहिल्या. 1922 साली त्यांचे निधन झाले, तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते. त्याचे खिळे केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींनीच जुळवले. एवढ्या मोठ्या विदुषीने आपली भाषा खाली बसून बोलण्याजोगी केली, मग आपण दोन महिन्यांत पावरीचे शंभर शब्द शिकायला काय हरकत आहे? तुमचे शिक्षक तिथली मुले असतील. ती तुमच्या उच्चारांना हसतील. हसू द्या.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. अहमदनगरला त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवले. मान होता, मिशनचा पगार होता. 1917 साली त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त तिथे भावासारखे एकत्र असावेत, अशी त्यांची कल्पना होती. त्या वेळी आपला तासगाव तालुकाही सातारा जिल्ह्यातच होता. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी टिळक वारले. संस्था म्हणून पाहिले तर दरबार फार चालला नाही. पण छप्पन्नाव्या वर्षी पगार सोडून पुन्हा शिष्य व्हायला निघालेला माणूस आपल्याला सांगतो की घडण पदवीदानाच्या दिवशी संपत नाही.

आता गेल्या हंगामातली एक गोष्ट. सातपुड्यातून ऊसतोडीला आलेली काही कुटुंबे आपल्या भागात कोप्या घालून राहिली होती. तुमच्यासारखाच एक विद्यार्थी दर शनिवारी तिथे जाई. एका आजीने त्याची प्रार्थना ऐकून घेतली आणि विचारले, “पोरा, माझ्या नातीला इथल्या शाळेत बसू देतील का?” नात नऊ वर्षांची. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जात, ही दिवसभर धाकट्या भावाला सांभाळी. शाळेत उत्तर मिळाले, आधीचा दाखला आणा. त्या मुलाने 2009 चा शिक्षणहक्क कायदा मिळवून वाचला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. तो कागद घेऊन, न भांडता, तो तीनदा शाळेत गेला. धाकट्या भावाला सांभाळायची सोय आपल्याच मंडळीतल्या दोन भगिनींनी केली. मुलगी वर्गात बसली. तिला सहा आठवडे मिळाले, मग पट्टा पडला आणि कुटुंब गावी गेले.

त्याच्या अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये ‘किती जणांना सुवार्ता सांगितली’ असा रकाना होता. त्याने मला विचारले, “ताई, इथे काय लिहू?” मी म्हटले, “घडले ते लिही.” त्याने आजीचे, नातीचे आणि भावाचे नाव लिहिले. त्याला ती तिन्ही नावे पाठ होती.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. दाखला, औषध, शाळा यांच्या बदल्यात काहीही मागायचे नाही. सभेला या, असेही नाही. आपल्या कामाकडे संशयाने पाहणारे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी एकाने जरी सौदा केला, तरी उद्या आजारी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या परिचारिकेलाही पाड्यावर दार बंद होईल. आणि संशय घेणारे कोणी नसते, तरीही मी हेच सांगितले असते. देवाची कृपा आपल्याला फुकट मिळाली आहे, ती अट घालून कशी द्यायची? कोणी आपणहून तुमच्या श्रद्धेविषयी विचारले, तर मोकळेपणाने आणि नम्रपणे सांगा.

शेवटी मंडळीतल्या थोरामोठ्यांना विनंती. तुमच्या देणग्यांतून यांचा प्रवासखर्च निघाला आहे, त्याबद्दल आभार. जूनमध्ये ही मुले परततील, तेव्हा किती सभा झाल्या हे विचारू नका. कोणाच्या घरी राहिलात, त्या घरात कशाची चिंता आहे, ते विचारा. मग ती चिंता रविवारच्या प्रार्थनेत घ्या. आज प्रत्येक कुटुंबाने एकेका विद्यार्थ्याचे नाव लिहून घ्यावे आणि दोन महिने रोज रात्री ते देवापुढे ठेवावे.

प्रभू तुमचे जाणे-येणे राखो, आणि ज्या घरांत तुम्ही पाहुणे व्हाल त्या घरांवर त्याची शांती असो. आमेन.