कारखान्याचा भोंगा थांबतो तेव्हा

एका माणसाची नोकरी जाणे आणि एका गावाची नोकरी जाणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांत मोठे अंतर आहे. एकाची नोकरी गेली तर शेजारी चार दिवस पीठमीठ पुरवतात, मेहुणा कुठेतरी शब्द टाकतो, वाणी महिनाभर थांबतो. परंतु शेजाऱ्याची, मेहुण्याची आणि वाण्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांची नोकरी एकाच वेळी गेली, म्हणजे आधार देणारा हातच आधार शोधू लागतो. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जिला मंदी म्हणतात, ती सामान्य माणसाच्या घरी येते ती या रूपाने.

हा अनुभव समजून घेण्यास आदिलाबादसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. पैनगंगेच्या पलीकडचे हे गाव तेलंगणात असले, तरी मराठी कानाला परके वाटत नाही. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते, आणि आजही आदिलाबादच्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी या चारही भाषांत भाव ठरतो. भोवताली काळी जमीन, कापसाचे पीक, आणि भूगर्भात चुनखडीचा मोठा साठा. त्या चुनखडीच्या बळावर १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. जिथे पावसावर भरवसा ठेवून जगायचे, तिथे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार घेणारा एक वर्ग निर्माण झाला. वसाहत आली, वसाहतीबरोबर मुलांची शाळा आली आणि मुलगी द्यायला ‘सिमेंटमधला जावई’ चांगला, असे लोक म्हणू लागले.

पुढे दिवस पालटले. १९८९ मध्ये सिमेंटवरील सरकारी नियंत्रण पूर्णपणे उठले आणि खाजगी कारखान्यांशी उघडी स्पर्धा सुरू झाली. कंपनी तोट्यात गेली. १९९६ मध्ये तिचे प्रकरण आजारी उद्योगांचा विचार करणाऱ्या मंडळाकडे गेले. १९९८ मध्ये आदिलाबादचे उत्पादन थांबले. २००६ मध्ये जी पुनर्रचना मंजूर झाली, तिच्यात कंपनीचे मोजके कारखाने चालू ठेवण्याचे ठरले आणि आदिलाबादचे नाव बंद करावयाच्या यादीत गेले. अखेर २००८ मध्ये उरलेल्या कामगारांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या. त्या योजनेच्या नावात स्वेच्छा हा शब्द होता. सही करणाऱ्यापुढे दुसरा मार्ग मात्र नव्हता.

१९९८ ते २००८ ही मधली दहा वर्षे विशेष विचार करण्याजोगी आहेत. भोंगा थांबला, पण कारखाना मेला असेही कोणी म्हणत नव्हते. आज सुरू होईल, निवडणुकीनंतर सुरू होईल, नवा मालक येईल, अशा वार्ता उठत आणि विरत. निश्चित दुःख माणूस एकदा पचवतो. अनिश्चित आशा मात्र त्याला दुसरा धंदा शिकू देत नाही आणि गाव सोडूही देत नाही. अशा काळात घराची घडी एका ठराविक क्रमाने विसकटत जाते. प्रथम दूध अर्धे होते. मग वर्तमानपत्र बंद होते. मग मुलीचे लग्न ‘पुढच्या वैशाखात’ ढकलले जाते. वाण्याची वही भरते आणि घरातील माणूस त्या दुकानावरून जाण्याऐवजी लांबच्या गल्लीने जाऊ लागतो. पंखा, सायकल, शिवणयंत्र विकावयास काढावे, तर गल्लीतील प्रत्येक घरातून तेच निघालेले असते. विकणारे अनेक आणि घेणारा कोणी नाही.

पैशाच्या या चणचणीहून खोल असे आणखी एक नुकसान होते, ते वेळेचे. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल नावाच्या लहानशा गावातील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा व हान्स झाइझेल यांनी तेथे जाऊन जी पाहणी केली, ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. बेकार माणसाला सवड मिळते, तेव्हा तो अधिक वाचील, अधिक चळवळ करील, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात वाचनालयाची फी माफ होऊनही पुस्तके नेणाऱ्यांची संख्या घसरली. रस्त्यावरून जाणारे पुरुष सावकाश, वारंवार थांबत चालत. बायका मात्र भराभर जात, कारण त्यांचे घरकाम संपलेले नव्हते. दिवसभर काय केले, हे पुरुषांना संध्याकाळी धडपणे सांगता येत नसे.

मारिएन्थाल आणि आदिलाबाद यांत हजारो मैलांचे अंतर असले, तरी हे चित्र ओळखीचे वाटते. पाळीची वेळ झाली की पूर्वीच्या सवयीने डबा भरून घेऊन बाहेर पडणारा आणि बसस्थानकाच्या बाकावर दुपार काढून परत येणारा माणूस कोणत्याही बंद कारखान्याच्या गावी भेटतो. त्याची पत्नी मात्र कार्तिक उजाडला की ओटी बांधून कापूस वेचावयास जाते आणि वजनावर मजुरी आणते. घर तिच्या मजुरीवर चालते, हे त्याला कळते. ते चारचौघांत मान्य करणे त्याला जड जाते. घरातील अबोल्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

महाराष्ट्राला हे दुःख नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील असंख्य पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. कोकणातील आणि घाटावरील कित्येक घरांत दरमहा येणारी मनीऑर्डर त्या वर्षी थांबली. शेतमजुरांसाठी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कल्पना रुजवली व पुढे देशाने २००५ मध्ये तसा कायदा केला. कारखान्यातून बाहेर पडलेल्या शहरी माणसाला मात्र एकरकमी भरपाई मिळाली, तेवढीच. ती रक्कम जुने देणे फेडण्यात आणि एका लग्नात संपते, आणि पुढे वीस वर्षांचे आयुष्य उरलेले असते.

तरीही सर्वच गोष्टी अंधारात संपत नाहीत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आणि २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली होती. चार वर्षे ते गाव ताटकळले. २०१८ मध्ये जे. के. पेपर या कंपनीने ती गिरणी घेतली आणि पुढे कागद पुन्हा निघू लागला. आदिलाबादच्या वाट्याला तो योग आला नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्याचे तत्कालीन उद्योगमंत्री के. टी. रामाराव यांनी केंद्राकडे सिमेंट कारखाना पुन्हा सुरू करण्याची मागणी केली, तेव्हा भोंगा थांबून तेवीस वर्षे उलटली होती. १९९८ साली तिशीत असलेला कामगार तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता.

बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या धन्याची एक कथा आहे. दिवस मावळावयास आला तरी काही मजूर बाजारात उभेच असतात. धनी त्यांना विचारतो, की तुम्ही दिवसभर रिकामे का? त्यांचे उत्तर साधे आहे: आम्हांला कोणी कामावर लावले नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. तासाभराच्या कामाला पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. ज्याच्या घरी चूल पेटवावयाची आहे, त्याची गरज तासांवर मोजता येत नाही, हे त्याने ओळखले होते.

सरकारने काय करावे आणि उद्योगपतींनी काय करावे, याची चर्चा होत राहील व ती व्हावयासही हवी. परंतु बेकार माणसाशी बोलताना ‘अजून काही मिळाले नाही का?’ हा प्रश्न टाळणे, त्याच्या मुलाची फी दोन महिने थांबवून धरणे, गल्लीतील लग्नाला त्याला आहेराची धास्ती न वाटता येता यावे अशी रीत पाडणे, एवढे तर प्रत्येक गावाच्या हाती आहे. काम गेले म्हणजे माणसाचा पगार जातो. त्याबरोबर त्याची पतही जाऊ द्यावयाची की नाही, हे मात्र त्याचे शेजारी ठरवतात.