आमंत्रण आले, दार कधी उघडणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. परदेशाच्या अर्थकारणावर ही काय बोलणार, असे तुमच्या मनात येईल. पण माझी पुतणी नर्स आहे आणि गेले वर्षभर ती जर्मन भाषा शिकते आहे. तेव्हा जर्मनीचा कारभार आता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आहे!

जर्मनीला माणसे हवी आहेत. १९५५ ते १९६५ च्या सुमारास तेथे घरोघरी पाळणे हलत होते. ती पिढी आता निवृत्त होत आहे आणि तिच्या मागची पिढी संख्येने लहान आहे. आजाऱ्यांच्या सेवेला, वीजकामाला, ट्रक चालवायला हात अपुरे पडतात. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या देशाचे उत्पन्न घटले. त्याला कारणे अनेक. पण कामाला हातच नसतील तर कारखाना चालावा कसा?

म्हणून २०२० साली त्यांनी कुशल परदेशी लोकांसाठी कायदा केला व २०२३ साली तो आणखी सोपा केला. भारतीयांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देऊ, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी बाडेन-वुर्टेमबर्ग या तेथील राज्याने आपल्या महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला.

आमंत्रण तर आले, पण दार? व्हिसा एका कचेरीत, प्रमाणपत्राची पारख दुसऱ्या कचेरीत, राहण्याचा परवाना तिसऱ्या कचेरीत. राज्ये १६, आणि नर्सचे कागद तपासणारे अधिकारी राज्यागणिक निराळे. पारख पुरी होईपर्यंत शिकलेल्या नर्सने मदतनीस म्हणून राबायचे. २०२५ पासून व्हिसाचा अर्ज संगणकावरून करता येऊ लागला, हे चांगलेच झाले; पण पुढच्या खेपा कुठे चुकल्या?

शिस्तीचा म्हणून आपण ज्या देशाचे नाव घेतो, त्याच्या राजधानीसाठीचा सरकारी मालकीचा नवा विमानतळ २०११ साली सुरू व्हायचा होता. आगीपासून बचावाच्या यंत्रणेत दोष निघाले आणि तो उघडला २०२० साली! म्हणजे दिरंगाई ही काही एकट्या आपलीच मिरास नव्हे.

भगिनींनो, पंगतीला बोलवायचे आणि कडी काढायला कुणी उठायचे नाही, तर पाहुणा शेजारच्या घरी जेवेल. हुन्नर असलेल्या मुलीला इंग्लंड आहे, ऑस्ट्रेलिया आहे. तेथे नवी भाषाही शिकावी लागत नाही. टेबलावर पडून राहिलेली फाइल देशाला अशी महागात पडते.

हाच आरसा आपणही पाहावा. आपल्या सरकारी दवाखान्यांतील रिकाम्या जागा वेळेवर भरल्या, तर किती मुली घर सोडून जातील? जाणाऱ्या मुलीला अडवू नये, असे माझे मत आहे. मात्र दलालाच्या हाती पैसा देण्यापूर्वी करारपत्र जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे. आणि इथे राहणारीला तिच्या हुन्नराचे मोल इथेच मिळावे, म्हणून आपल्या मंडळाने अर्ज, विनंत्या करीत राहावे.