देवाचा दरबार

कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांना एक गोष्ट सतत खुपत राहिली. इथल्या माणसाला ख्रिस्ताची ओळख परक्या पेहरावात आणि परक्या चालींवर होत होती. तुकोबांचे अभंग ज्याला तोंडपाठ, तो त्या चालींपाशी थांबणार कसा? मग टिळकांनी स्वतः अभंग रचले, भजनं लिहिली. कीर्तनं केली, थाट सगळा आपल्याकडचा, आख्यान मात्र येशूचं.

1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, येशूला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. मला हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं. आधी आमच्यासारखे व्हा, अशी अट न घालता त्यांनी माणसांना जवळ बसवलं.

1919 मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. त्याचे पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.