आईसाठी दहा किलोमीटर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, इतिहास अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून पंचावन्न वर्षांचा एक सरकारी नोकर आपण कसे धावलो हे सांगायला उभा राहतो, यात थोडा औचित्यभंग आहे याची मला जाणीव आहे. कार्यवाहांच्या आग्रहापुढे माझे काही चालले नाही.

प्रारंभी एक कबुली देतो. कोलकात्यास आल्यापासून दर वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास आपले कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन येत आणि "साहेब, चार घरे तुम्हीही करा" असे म्हणत. माझे उत्तर ठरलेले असे. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४, यांतील नियम १२. पूर्वमंजुरीवाचून सरकारी नोकराने कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागू नये, निधी जमविण्याच्या कामाशी संबंधही ठेवू नये. नियम खरा आहे. मात्र मंजुरी मागता येते, हेही त्याच नियमात आहे. ते मी कधी कुणाला सांगितले नाही. कुणापुढे हात पसरणे मला जमत नव्हते आणि नियम सोयीचा होता, एवढेच.

माझी आई २०२२ साली गेली. ती कराडला, मी येथे. दर रविवारी सकाळी मी फोन करीत असे. "बरी आहे" हे तिचे उत्तर आणि "काळजी घे" हा माझा समारोप. त्या रविवारांपैकी निदान पन्नास रविवार तिच्या स्तनात गाठ होती आणि ती तिला ठाऊक होती. लाज होतीच, शिवाय "तो इतका लांब, त्याला कशाला घोर?" असे ती पुढे माझ्या धाकट्या बहिणीपाशी म्हणाली. गाठीची जखम झाली तेव्हा प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर ती आठ महिने जगली. शेवटच्या दिवशी मी विमानतळावर होतो. आपल्यापैकी कित्येकांच्या बाबतीत असेच घडले आहे, म्हणून त्याविषयी अधिक बोलत नाही.

दौडीची कल्पना माझ्या मुलीची. कोलकात्याची पंचवीस किलोमीटरची दौड २०१४ साली सुरू झाली. तीत सामान्यांसाठी दहा किलोमीटरचाही टप्पा असतो. आपल्या पसंतीच्या सेवाभावी कार्यासाठी स्नेह्यांकडून देणग्या घ्यायच्या आणि धावायचे. मला हा प्रकार प्रथम पोरकट वाटला. पैसे द्यायचे तर द्यावेत, त्यासाठी धावायचे कशाला? पण कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स नावाचा तरुण कर्करोगाने गमावलेल्या पायाच्या जागी कृत्रिम पाय लावून १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, हे मला ठाऊक होते. त्या धावण्याने लोकांना या रोगाविषयी उघडपणे बोलायला लावले. आमच्या घरी नेमके तेच झाले नव्हते.

शिवाय एक गोष्ट वाचनात आली होती. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांची एक दीर्घ पाहणी आरंभिली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, केवळ हातांनी तपासणी करीत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले आहे. आई एकाहत्तर वर्षांची होती. तिच्या दारी अशी एखादी बाई दोन वर्षांतून एकदा आली असती तर! हा विचार मला अजून झोपू देत नाही. अशा सेविका गावोगाव पाठविणाऱ्या येथील एका संस्थेसाठी धावायचे मी ठरविले.

मग अर्ज केला. सात आठवड्यांनी मंजुरी आली, अटींसह: हाताखालच्या लोकांकडून व कार्यालयाशी काम पडणाऱ्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. अट योग्यच होती. पहिला फोन करण्यापूर्वी मी तासभर येरझारा घातल्या. आश्चर्य असे की पैशांपेक्षा लोकांनी हकिकतीच अधिक दिल्या. कुणाची मावशी, कुणाची सासू. आईच्या कराडच्या शेजारीणबाईंनी नातवाकरवी एक्कावन्न रुपये धाडले आणि "मला हे ठाऊक होते, पण तिने शपथ घातली होती" असे सांगून त्या रडू लागल्या. लाखाचे उद्दिष्ट होते, चौऱ्याऐंशी हजार जमले.

डॉक्टरांची परवानगी घेऊन पाच महिने पहाटे रवींद्र सरोवरावर सराव केला. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत धाप लागली. पुढे तीन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असा क्रम लागला. त्या सरावाचे वर्णन रंजक नाही. गुडघा मात्र अद्याप आठवण देतो.

डिसेंबर २०२३ च्या त्या सकाळी रेड रोडवर हजारोंची गर्दी होती. मुलीने माझ्या पाठीवर कागद लावला होता, "आईसाठी". सहाव्या किलोमीटरला, मैदानाच्या बाजूने, मी धावणे सोडून चालू लागलो. मागून एक वृद्ध आसामी गृहस्थ आले. कागदावरचे पहिले अक्षर त्यांनी मोठ्याने वाचले, "आई", आणि हिंदीत म्हणाले, "आमच्या भाषेतही आई म्हणजे आईच." मग त्यांनी विचारले, कधी गेल्या? मी सांगू लागलो. जे बहिणीलाही सांगितले नव्हते ते सांगितले: रविवारी फोन ठेवण्याची मला घाई असे. ते काही बोलले नाहीत. किलोमीटरभर माझ्या चालीने चालले, मग हात हलवून पुढे धावत गेले. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असावेत!

मला एक तास सत्तेचाळीस मिनिटे लागली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. बुटांना किती पैसे घातलेस म्हणून आधी रागावली आणि मग सहज सांगावे तसे म्हणाली, की आदल्याच आठवड्यात तीही तपासून आली. काही नाही निघाले.

संस्थेचे नाव मी येथे घेतले नाही, कारण यंदाच्या मंजुरीचा कागद अजून यायचा आहे. तोवर कुणाकडे काही मागणार नाही. आणि कार्यवाहसाहेब, येत्या गणेशोत्सवातली चार घरे माझ्याकडे ठेवावीत. त्याचाही अर्ज त्याच टपालाने रवाना केला आहे.