संगणक कोठें अडतो?

माजिवड्याच्या नाक्यावर सायंकाळीं क्षणभर उभें राहून पाहावें. मुंबईकडून येणारा महामार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि नाशिककडे जाणारी वाट येथें एकमेकांस मिळतात. ओळीनें खोळंबलेल्या वाहनांत एखादी नवी कोरी, बलाढ्य मोटार असते आणि तिच्या मागें एखादी जुनी रिक्षा असते; दोघींचा वेग मात्र एकच. यंत्र कितीही जोमदार असो, पुढची वाट मोकळी झाल्यावांचून त्या जोमाचा उपयोग नाहीं. आजचा विषय संगणकावरील नकाशांच्या गणिताचा आहे. परंतु त्यांतील मुख्य सिद्धांत या नाक्यावर रोज विनामूल्य शिकावयास मिळतो.

समजा, याच माजिवड्यांत राहणारी एक विद्यार्थिनी आहे. एका बाजूस येऊरचे डोंगर व दुसऱ्या बाजूस खाडी, यांच्यामध्यें वसलेल्या आपल्या शहरांत हिरवाई किती उरली, खाडीकांठचीं तिवरें कोठें दाट आहेत व कोठें विरळ झालीं, याचा नकाशा तिला करावयाचा आहे. उपग्रहानें घेतलेलीं चित्रें तिनें उतरवून घेतलीं, भौगोलिक माहितीच्या प्रणालींत तीं उघडलीं आणि शनिवारीं रात्रीं गणित सुरू करून ती निजली. रविवारीं सकाळीं पाहते तों पडद्यावरील पट्टी अर्ध्यावरच! सोमवारीं तर नकाशा द्यावयाचा. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘नवा संगणक घ्यावा लागेल.’ हा सल्ला प्रेमाचा खरा, पण तो नाक्यावर अडकलेल्या गृहस्थास दुसरी मोटार घेण्याचा सल्ला देण्यासारखा आहे.

हा नकाशा म्हणजे केवळ परीक्षेच्या गुणांची बाब नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मध्यें राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि तिच्या सभोंवतीं ५० मीटरांचा पट्टा राखावा असें सांगितलें. ठाणें खाडीचें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य २०२२ सालीं रामसर पाणथळींच्या यादींत गेलें. अशा ठिकाणीं ‘येथें तिवरें होतीं’ किंवा ‘नव्हतीं’ असें सांगणारा नकाशा म्हणजे एक प्रकारची साक्षच होय. साक्ष वेळेवर हवी. पण ती खरी असावी, हें त्याहून महत्त्वाचें.

प्रथम हें चित्र म्हणजे काय तें पाहूं. अंकगणिताची चौकटींची वही सर्वांनीं पाहिलेली आहे. तिच्या प्रत्येक घरांत एकेक आंकडा लिहिला म्हणजे जें होतें, त्यासच नकाशाशास्त्रांत ‘रास्टर’ म्हणतात आणि त्या एका घरास ‘पिक्सेल’. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या मालिकेंतील पहिला उपग्रह जून २०१५ मध्यें आकाशांत गेला. त्याच्या चित्रांतील बारीक घर जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. एका चित्रांत आडवीं १०,९८० आणि उभीं १०,९८० घरें, म्हणजे एकूण १२ कोटी ५ लाख ६० हजार ४०० घरें भरतात.

हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारा, तांबड्यापलीकडचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणांत परतवितें. म्हणून अवरक्त आंकड्यांतून तांबडा आंकडा वजा करावा, आलेल्या बाकीस त्या दोहोंच्या बेरजेनें भागावें. उत्तर उणें १ आणि अधिक १ यांच्या दरम्यान येतें आणि जितकें मोठें तितकी हिरवाई दाट. एका घरास तीन क्रिया, म्हणजे साऱ्या चित्रास सुमारें ३६ कोटी क्रिया. ही संख्या ऐकून छाती दडपते खरी. पण आजचा साधा संगणक एका सेकंदांत अब्जावधि क्रिया करतो. मग रात्रभर तो करतो तरी काय?

येथें राधानाथ सिकदार यांची आठवण होते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या खात्यांत ते गणनेचें काम करीत. त्या काळीं ‘कॉम्प्युटर’ हें यंत्राचें नांव नसून माणसाच्या हुद्द्याचें नांव होतें. पंधराव्या क्रमांकाचें म्हणून नोंदलेलें शिखर जगांत सर्वांत उंच आहे, हें १८५२ च्या सुमारास त्यांच्या गणितांतून निघालें. तेव्हां कागद हाताशीं असे आणि गणितास वेळ लागे. आज उलटें झालें आहे: गणित क्षणांत होतें, आणि वेळ जातो तो कागद आणण्यांत व नेण्यांत. तेव्हां दोष शोधावयाचा तो वाटेंत शोधावा.

वैद्य औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो. येथेंही पहिला प्रश्न असा, कीं मंद काय आहे? चित्र पडद्यावर उमटावयास वेळ लागतो, कीं गणितास? उमटण्यास वेळ लागत असेल, तर चित्राच्या लहान लहान प्रती आधींच करून ठेवतात, त्यांस ‘पिरॅमिड’ म्हणतात. त्यांनीं पाहणें सुलभ होतें. पण मूळ चित्रावरचें गणित त्यांनीं तिळमात्र जलद होत नाहीं. कित्येक जण हा उपाय करून ‘गुण आला नाहीं’ म्हणतात. औषध चांगलें, रोग दुसरा!

दुसरी परीक्षा अशी. चित्राचा आडवीं १,००० व उभीं १,००० घरांचा एक तुकडा कापून त्यावर तेंच गणित करून पाहावें. संपूर्ण चित्र या तुकड्याच्या सुमारें १२० पट आहे. तुकड्यास २ सेकंद लागले, तर साऱ्या चित्रास सुमारें ४ मिनिटें पुरावीं. तीं न पुरतां तास लागत असतील, तर अडचण गणितांत नसून स्मरणांत किंवा तबकडींत आहे असें समजावें. गणित चालू असतां टास्क मॅनेजर उघडला, कीं प्रक्रियक राबत आहे कीं स्वस्थ बसून तबकडीची वाट पाहत आहे, हेंही दिसतें.

आतां अडथळ्यांकडे वळूं. पहिला अडथळा अनावश्यक प्रदेशाचा. ठाणें महानगरपालिकेचें क्षेत्र सुमारें १२८ चौरस किलोमीटर. उपग्रहाचें एक चित्र १२,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. शहर सामावून घेणारा २० किलोमीटर बाजूचा चौरस आधीं कापून घेतला, तर घरें उरतात ४० लाख, म्हणजे मूळच्या तिसाव्या हिश्शाइतकीं. या एका कृतीनेंच बहुतेकांचें दुखणें बरें होतें.

दुसरा अडथळा फायलीच्या बांधणीचा. सेंटिनेलचीं चित्रें जेपेग-२००० या पद्धतीनें दाबून भरलेलीं येतात. गच्च बांधलेल्या गांठोड्याची गांठ प्रत्येक वेळीं नव्यानें सोडवावी लागते, तसेंच हें. तीं एकदां उलगडून जिओटिफ स्वरूपांत, चौकोनी ठोकळ्यांच्या रचनेनें ठेवावीं. ओळींच्या रचनेंत शहरापुरता भाग वाचावयाचा तरी चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतची ओळ वाचावी लागते; ठोकळ्यांच्या रचनेंत लागेल तेवढाच ठोकळा उघडतो.

तिसरा अडथळा न जुळणाऱ्या चौकटींचा. एक चित्र मीटरांत मोजलेलें, दुसरें अंशांत. एकाचें घर १० मीटरांचें, दुसऱ्याचें ३०. अशा वेळीं संगणकास गणिताआधीं एक वही दुसरीवर बसवून घ्यावी लागते आणि दर वेळीं तेंच काम नव्यानें करावें लागतें. सर्व चित्रें आरंभींच एका चौकटींत आणावीं. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील प्रदेश ४३ व्या पट्ट्यांत येतो. ठाणें त्यांतच आहे.

चौथा अडथळा जागेचा. एका घरास दोन बाइट धरले, तर एका रंगाचें संपूर्ण चित्र सुमारें २४ कोटी बाइट होतें. उत्तर चार बाइटांचें ठेवलें तर ४८ कोटी, आठांचें ठेवलें तर ९६ कोटी. हिरवाईच्या अंकास चार बाइटांची अचूकता पुरून उरते. त्यांतच वजाबाकीची एक फाइल, बेरजेची दुसरी, भागाकाराची तिसरी असें केलें, तर तबकडीवर तिप्पट ओझें पडतें. तिन्ही क्रिया एकाच सूत्रांत लिहाव्या. स्मरण भरून गेलें म्हणजे संगणक उरलेला माल तबकडीवर ठेवूं लागतो. ओट्यावर जागा नाहीं म्हणून प्रत्येक फोडणीस मोहरीचा डबा माळ्यावरून काढणाऱ्या गृहिणीची जी त्रेधा, तीच त्याची. म्हणून इतर कार्यक्रम बंद करावे आणि चित्रें बाहेरच्या, तारेनें जोडलेल्या तबकडीवर न ठेवतां संगणकाच्या स्वतःच्या जलद तबकडीवर ठेवावीं. हे उपाय एका वेळीं एकच करावे आणि प्रत्येकाचा वेळ वहींत टिपावा. सारे एकदम केले, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

परंतु वेग आला म्हणजे काम झालें असें नव्हे. कांहीं साधनें मूळ आंकडे ऋण नसलेल्या पूर्णांकांच्या स्वरूपांतच वजा करतात. मासुंदा तलावाच्या पाण्यावर अवरक्त आंकडा ३०० व तांबडा ४०० आहे असें धरा. बाकी उणें १००; पण ज्या जातींत ऋण संख्याच नाहींत, तेथें ती ६५,४३६ होऊन बसते, आणि उणें १ ते अधिक १ या मर्यादेंतील उत्तराऐवजीं ९३ हा अंक हातीं येतो. तलाव येऊरच्या रानाहून हिरवा ठरतो! गणित क्षणांत झालें, पण खोटें झालें. आंकड्यांची जात आधींच दशांशाची करून घेणें हा त्यावर उपाय.

दुसरा सांपळा वर्षांच्या तुलनेचा. २५ जानेवारी २०२२ पासून तयार होऊं लागलेल्या सेंटिनेलच्या फायलींत प्रत्येक आंकड्यांत १,००० मिळविलेले असतात. पुढें कांहीं जुनीं चित्रेंही त्याच पद्धतीनें पुन्हां तयार झालीं. एके ठिकाणीं अवरक्त ३,००० व तांबडा १,००० असेल, तर उत्तर ०.५० येतें. ते मिळविलेले १,००० वजा करण्यास विसरलें, तर त्याच ठिकाणचें उत्तर ०.३३ होतें. झाडाचें एक पान गळलेलें नसतां रान सुकल्याचा निर्वाळा मिळतो. यास्तव प्रत्येक चित्राबरोबर येणारी माहिती वाचल्यावांचून सूत्रास हात लावूं नये.

शेवटचा मोह सर्वांत गोड. घरें १० मीटरांऐवजीं ३० मीटरांचीं केलीं, कीं काम एकदम नवव्या हिश्शावर येतें. पण न्यायालयानें सांगितलेला ५० मीटरांचा पट्टा बारीक चौकटींत पांच घरें व्यापतो, मोठ्या चौकटींत पुरतीं दोनही नाहीं. खाडीकांठची २० मीटर रुंदीची तिवरांची रांग शेजारच्या चिखलांत मिसळून जाते आणि नकाशावर ती नव्हतीच असें ठरतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जी झाडें चौकटीनेंच गाळलीं, तीं पुढें कोणत्याही सूत्रानें परत येत नाहींत.

माजिवड्याच्या त्या विद्यार्थिनीनें रविवारीं दुपारीं गणित थांबवावें, शहरापुरता चौरस कापावा, फायली उलगडाव्या, चौकटी जुळवाव्या आणि मग पुन्हां आरंभ करावा. सायंकाळच्या चहापूर्वीं तिचा नकाशा पडद्यावर असेल. त्यानंतर उरलेल्या वेळांत तिनें एक काम अवश्य करावें: नकाशाच्या दोन-चार ठिकाणीं स्वतः जाऊन यावें. खाडीच्या कांठीं, जेथें नकाशा ‘तिवरें’ म्हणतो तेथें तिवरें आहेत ना, हें डोळ्यांनीं पाहावें. त्या फेरीस वेळ लागेल. पण तो वेळ वांचविण्यासारखा नाहीं.