अमक्याची बायको



पुढच्या नाचाच्या मुली विंगेत नऊवारी सावरत उभ्या आहेत, मला दिसतंय. लवकर आटपते.

मी प्राथमिक शिक्षिका होते आणि बरीच वर्षं बीएलओ. म्हणजे शाळा सुटली की मतदारयादी काखेत मारून दारोदार हिंडायचं. एका घरी वडिलांनी मुलाचा अर्ज भरून दिला. त्याच्याहून वर्षानं मोठी मुलगी समोरच भाकरी थापत होती. "हिचा?" म्हटलं, तर म्हणाले, "बाई, तिचं लग्न ठरलंय. सासरचे घालतील की नाव."

मला स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीची यादी आठवली. वाचलेली हं, तेवढी म्हातारी नाही मी! इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात शेतसारा, कर, शिक्षण बघून मत मिळे. काही बायकांना तर नवऱ्याच्या मालमत्तेवर. घटनेच्या 326 व्या कलमानं ते सगळं पुसलं. 21 वर्षं पूर्ण झाली की मत, बाई असो वा पुरुष. मग याद्या करणारे दारात गेले, तर राजस्थान, मध्य भारत अशा भागांत कित्येक बायका स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. तिथं स्वतःच्याच नावाशी अडलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलं, नाव नाही तर नोंद नाही. सुमारे 28 लाख बायका यादीतून गळल्या. मला हे फार कठोर वाटायचं. दारोदार हिंडल्यावर वाटलं, सेन यांचंच बरोबर होतं.

पुढं 61 वी घटनादुरुस्ती आली आणि 28 मार्च 1989 पासून 21 चे 18 झाले. मी तेव्हा 22 ची, धाकटा भाऊ 18 चा. त्या वर्षीच्या लोकसभेला दोघांनी एकाच दिवशी पहिलं मत दिलं. मी इतकी वर्षं थांबले आणि हा आयता आला, म्हणून दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी.

तरी एक मेख होती. वय मोजायचं फक्त 1 जानेवारीला. जन्म 2 जानेवारीचा असला की बसा पुढच्या यादीची वाट बघत. 2021 च्या कायद्यानं एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखाही धरल्या. आता तर 17 पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. अकरावी-बारावीवाले, ऐकताय ना?

तर त्या घरी मी उठलेच नाही. चहा आला, संपला. वडील दोनदा घड्याळ बघून झाले. शेवटी त्या मुलीनंच पिठाचे हात धुतले, माझ्याकडून पेन घेतलं आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. हात नीट धुतले गेले नव्हते. सहीशेजारी पिठाचं बोट उमटलं. अर्ज तसाच जमा केला मी.

चला, नऊवारीतल्या मुलींना आता ताटकळत ठेवत नाही.