कोशात शब्दाला जागा मिळते ती कशी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



शाळेत असताना निबंधात मी ‘मेहनत’ हा शब्द लिहिला. गुरुजींनी त्याखाली तांबडी रेघ ओढून शेजारी लिहिले, ‘मराठी शब्द वापरावा.’ मी रडवेला होऊन घरी आलो. अब्बांनी वही पाहून विचारले, “रेघ कशाने ओढली?” “शाईने.” “कशावर?” “कागदावर.” ते हसले. शाई आणि कागद, दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आलेले!

शब्द आपला की परका, हा वाद कोशकार घालीत बसत नाही. लोक शब्द कसा वापरतात ते तो ऐकतो, उदाहरण टिपतो, अर्थ लावतो आणि मूळ सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. 1857 साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्यात शब्दापुढे संस्कृत, अरबी, फारसी अशी मुळाची खूण आहे. परंतु मूळ बाहेरचे म्हणून शब्दाला दाराबाहेर ठेवलेले नाही.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा हेतू निराळा होता. दरबारी अरबी-फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. पण त्यासाठी मूळ शब्द आधी नोंदवावे लागले, म्हणून त्या काळच्या कारभाराची भाषा आज आपल्याला कळते. 1925 साली माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियन यांचा, फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला.

मुळाशी शब्दाची गोष्ट संपत नाही. ‘गरीब’ म्हणजे अरबीत परका, अनोळखी. आपण निर्धनाला गरीब म्हणतो आणि शांत गाईलाही! हा अर्थ वापरणाऱ्यांनी घडवला.

मुलांनो, सुट्टीत आजी-नानीजवळ बसा. कोकणातल्या तांडेलाला, भिवंडी-मालेगावच्या विणकराला बोलते करा. माग मोडीत निघाला की त्याच्या भागांची नावेही जातात. नानी गेली की तिच्या चुलीजवळचे शब्दही जातात. एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहा. तो कोणी, कोणत्या गावी, कोणत्या वाक्यात उच्चारला तेही लिहा. अर्थ अंदाजाने लिहू नका, पुन्हा विचारा.

या कामाला पैसा फारसा लागत नाही. मेहनत मात्र लागते. आणि हा शब्द मी आज निर्धास्तपणे उच्चारतो.